हिरवळीखाली सुपीक मातीचा थर सक्तीचा केल्याने नगरपालिकेचे पाणी खरेच वाचते का?

अंगणवेल (डेन्व्हरजवळ, कोलोराडो)

नमस्कार मंडळी. आम्ही डेन्व्हरच्या दक्षिणेकडील एका उपनगरात राहतो. आमच्या गावाच्या पाणीपुरवठा विभागाने एका नव्या नियमाचा मसुदा हरकती आणि सूचनांसाठी खुला केला आहे. नव्या घराच्या आवारात हिरवळ लावण्यापूर्वी तिच्याखाली किमान सहा इंच जाडीचा सुपीक मातीचा थर असला पाहिजे, त्यात ठरावीक प्रमाणात कंपोस्ट मिसळलेले असले पाहिजे, आणि तपासनिसाने पाहणी करून मान्यता दिल्याशिवाय बागेच्या पाण्याची जोडणी सुरू होणार नाही, असा त्या मसुद्याचा आशय आहे. वसाहतीच्या गृहसंघाच्या बाग-समितीवर असल्यामुळे समितीचा अभिप्राय लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे आणि समितीत सरळ दोन तट पडले आहेत. एका बाजूचे म्हणणे असे की, हा घरांच्या किमती वाढवण्याचा आणखी एक मार्ग आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, हे दहा वर्षांपूर्वीच व्हायला हवे होते.

माझा स्वतःचा कल नियमाच्या बाजूने आहे, आणि त्याला कारण आमचेच अंगण आहे. फरसबंदी करण्यासाठी मागच्या बाजूच्या हिरवळीचा एक पट्टा आम्ही कापून काढला, तेव्हा खाली जे दिसले ते असे : वर जेमतेम दोन बोटे काळी माती, तीसुद्धा मातीसकट विकत मिळणाऱ्या तयार गवताच्या गुंडाळीबरोबर आलेली, कारण गुंडाळीची प्लॅस्टिकची बारीक जाळी अजून तिच्यात तशीच होती. त्याखाली एकदम पिवळट, घट्ट चिकण माती, आणि तिच्यात जिप्सम बोर्डाचे कपटे व वायरींचे तुकडे. गवताची मुळे त्या दोन थरांच्या सीमेपर्यंत उतरून तिथेच आडवी पसरली होती. एकही मूळ खालच्या थरात शिरलेले दिसले नाही. फवारे सुरू केले की थोड्याच वेळात पाणी पदपथावरून गटाराकडे वाहू लागते, आणि तरीही जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात गवत पिवळे पडते, ही तक्रार आमच्या गल्लीत जवळपास प्रत्येकाची आहे.

मात्र अभिप्राय लिहायचा तर तो अंगणातल्या एका खड्ड्याच्या भरवशावर लिहिता येणार नाही. म्हणून जाणकारांना विचारते. पहिली गोष्ट, मातीचा थर वाढवल्याने पाण्याचा एकूण वापर खरोखर कमी होतो का, की गवत तेवढे छान दिसते? दुसरी, मसुद्यासोबतच्या माहितीपत्रकात असे म्हटले आहे की, मातीतील सेंद्रिय पदार्थ एक टक्क्याने वाढले तर एकरी २०,००० गॅलन जास्त पाणी साठते. हा आकडा विश्वासार्ह आहे का? आणि तिसरी, एकदा वर गवत अंथरले की खाली काय आहे हे कोणाला दिसणार? अशा नियमाची तपासणी प्रत्यक्षात कशी होते, याचा कोणाला अनुभव आहे का?

राहुरीकर (फोर्ट कॉलिन्स)

अंगणवेलताई, प्रश्न नेमके विचारले आहेत, त्यामुळे उत्तर जरा सविस्तर देतो. माझे शिक्षण राहुरीच्या कृषी विद्यापीठात झाले आणि गेली बरीच वर्षे मी इकडे सिंचनाच्या आराखड्यांचे काम करतो, त्यामुळे दोन्हीकडची उदाहरणे डोळ्यांसमोर आहेत.

सर्वप्रथम, तुमच्या गावाने काही जगावेगळे आरंभलेले नाही. डेन्व्हर वॉटर या डेन्व्हरच्या पाणीपुरवठा संस्थेच्या नियमांत नव्या जोडणीसाठी दर हजार चौरस फुटांमागे चार घनयार्ड कंपोस्ट सहा इंच खोलीपर्यंत मिसळण्याची अट आहे. आमच्या फोर्ट कॉलिन्समध्ये हेच प्रमाण तीन घनयार्ड आहे, पण त्यासोबत जमीन किमान आठ इंच खोलीपर्यंत भुसभुशीत करण्याची अट आहे. ही दुसरी अट मला पहिलीपेक्षा महत्त्वाची वाटते. त्याचे कारण पुढे येईल.

आता पाणी वाचते का, याकडे वळतो. इथल्या बहुतेक अंगणांत केंटकी ब्लूग्रास जातीचे गवत असते. ऐन जुलैत, कोरड्या हवेत, ते दिवसाला साधारण पाव इंच पाणी उडवते. जमीन चांगली असो वा वाईट, गवत हिरवे ठेवायचे असेल तर हा बाष्पीभवनाचा आणि पर्णोत्सर्जनाचा, म्हणजे पानांतून वाफ होऊन उडणाऱ्या पाण्याचा, खर्च चुकत नाही. त्यामुळे ‘माती चांगली केली की गवताला पाणी कमी लागते’ हे विधान शब्दशः खरे नाही. उलट कसदार जमिनीत गवत जोमाने वाढले तर ते किंचित जास्तच पाणी पिऊ शकते. बदलते ते पाणी देण्याच्या दोन पाळ्यांमधले अंतर, आणि दिलेल्या पाण्यापैकी मुळांच्या हाती किती लागते ते.

हे आकड्यांत पाहू. मध्यम पोताच्या चांगल्या जमिनीत एक फूट खोलीमागे पिकाला उपलब्ध होईल असे सुमारे दोन इंच पाणी मावते आणि त्यातले निम्मे संपेपर्यंत गवताला ताण जाणवत नाही, असे धरून आम्ही हिशेब करतो. तुमच्या अंगणात मुळे दोन इंचांवर अडली आहेत. तेवढ्या थरात एकतृतीयांश इंच पाणी मावते आणि त्यातले वापरण्याजोगे एकषष्ठांश इंच, म्हणजे जुलैतला एक दिवससुद्धा निघत नाही. थर सहा इंचांचा असेल तर अर्धा इंच, म्हणजे दोन दिवस. आठ इंचांचा असेल तर पावणेतीन दिवसांच्या आसपास. मुळे फूटभर उतरू शकली तर चार दिवस. डेन्व्हर वॉटरचा नेहमीचा उन्हाळी नियम असा आहे की, आठवड्यातून जास्तीत जास्त तीन दिवस पाणी द्यावे आणि सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळेत देऊ नये. आता सांगा, दोन इंच मातीवर उभे असलेले गवत हा नियम कसा पाळणार? ज्याच्या अंगणात ते पिवळे पडते तो माणूस चोरून रोज पाणी देतो किंवा परवानगीच्या तीन दिवसांत दुप्पट वेळ फवारे चालू ठेवतो, आणि ते जास्तीचे पाणी पदपथावरून वाहून जाते. पाणी देण्याच्या दिवसांवर मर्यादा घालणारा नियम आणि मातीच्या खोलीचा नियम हे एकाच गोष्टीचे दोन भाग आहेत. पहिला आहे आणि दुसरा नाही, ही स्थिती अनेक गावांत आहे, आणि तिथे पहिला नियम कागदावरच राहतो.

पाणी वाहून जाण्याचा हिशेबही सोपा आहे. जमिनीतून वर येणारे साधे फवारे तासाला दीड इंचाच्या आसपास पाणी टाकतात. दाबलेली चिकण माती तासाला एक-दोन दशांश इंचापेक्षा जास्त पाणी शोषत नाही. उरलेले पाणी जाणार कुठे? दुपारच्या वळवाच्या सरीचेही तेच होते : वर्षाला चौदा-पंधरा इंच पाऊस पडणाऱ्या प्रदेशात फुकट मिळालेले अर्धा इंच पाणी गटारात जाते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे शुद्ध केलेले पाणी पुन्हा अंगणावर पडते. हजार चौरस फुटांवर एक इंच पाणी म्हणजे ६२३ गॅलन, म्हणजे साधारण २,३६० लिटर. एका अंगणापुरते ते किरकोळ वाटेल, पण पाणीपुरवठा विभागाच्या शुद्धीकरण केंद्राची क्षमता जुलैतल्या सर्वाधिक मागणीच्या दिवसावरून ठरते आणि त्या दिवशी सगळ्या गावाची अंगणे एकाच वेळी तहानलेली असतात.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नातील २०,००० गॅलनांचा आकडा मात्र अभिप्रायात अजिबात वापरू नका. तो अनेक वर्षे फिरतो आहे आणि फारच फुगवलेला आहे. सिडनी विद्यापीठाचे मिनास्नी आणि मॅकब्रॅटनी यांनी जगभरातील प्रकाशित मोजमापांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले की, सेंद्रिय कर्ब (कार्बन) एक टक्क्याने वाढला तर दर शंभर मिलिमीटर मातीमागे उपलब्ध पाणी सरासरी १.१६ मिलिमीटरने वाढते. सेंद्रिय पदार्थात कर्ब साधारण ५८ टक्के धरला तर एक टक्का सेंद्रिय पदार्थाने, एक फूट खोली गृहीत धरूनही, एकरी दोन-सव्वादोन हजार गॅलनच वाढतात, म्हणजे पत्रकातल्या आकड्याच्या सुमारे एक नवमांश. सहा इंचांचा हिशेब केला तर त्याच्याही निम्मे.

याचा अर्थ कंपोस्ट व्यर्थ आहे असा नाही. कंपोस्टाने मातीची घडण सुधारते, पाणी लवकर मुरते, मुळांना वाट मिळते. पण ‘कंपोस्ट पाणी धरून ठेवते’ या एका वाक्यावर नियम उभा केला तर उद्या कोणीतरी वरील हिशेब सभेत मांडेल आणि सगळाच नियम गारद होईल. खरा फायदा मुळांना मिळणाऱ्या खोलीचा आणि मोकळ्या केलेल्या जमिनीचा आहे. बांधकामाच्या यंत्रांनी जमीन किती बिघडते याची एक मोजणी उत्तर-मध्य फ्लोरिडात झाली होती आणि ती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथली जमीन तर वाळूची, म्हणजे पाणी सहज पिणारी, तरीही बांधकामामुळे दाबली गेलेल्या जागी पाणी मुरण्याचा वेग ७० ते ९९ टक्क्यांनी घटलेला आढळला. आपल्या इथल्या चिकण मातीचे काय होत असेल याची कल्पना करा.

कोरडवाहू (लास व्हेगास)

राहुरीकरांचा हिशेब बरोबर आहे, पण मला मूळ प्रश्नच चुकीचा वाटतो. जिथे वर्षाला पंधरा इंचही पाऊस पडत नाही तिथे ब्लूग्रास लावायचे, मग त्याच्याखाली कोणती माती असावी याचे नियम करायचे, ही रोगापेक्षा लक्षणांवर औषध देण्याची पद्धत झाली. नेव्हाडाने २०२१ मध्ये कायदा केला. लास व्हेगास परिसरात रस्त्यांच्या कडेची, चौकांतली, कार्यालयांपुढची केवळ शोभेची हिरवळ २०२६ अखेरपर्यंत काढून टाकायची आहे आणि त्यानंतर तिला कोलोराडो नदीचे पाणी देता येणार नाही. तुमच्या कोलोराडोनेही २०२४ मध्ये व्यापारी, संस्थात्मक आणि औद्योगिक जागांवर, तसेच रस्त्यांच्या कडेला अशी निरुपयोगी हिरवळ नव्याने लावण्यास बंदी करणारा कायदा केला. तुमच्याजवळच्या कॅसल रॉकने तर नव्या घरांच्या पुढच्या अंगणात हिरवळच बंद केली आणि मागच्या अंगणात तिला ५०० चौरस फुटांची मर्यादा घातली. डेन्व्हरचे निम्म्याच्या आसपास पाणी डोंगरापलीकडून, कोलोराडो नदीच्या खोऱ्यातून बोगद्यांवाटे येते, हे विसरून चालणार नाही. त्या नदीच्या पाण्याचे १९२२ च्या कराराने जे वाटप झाले तेच मुळात नदीत नसलेल्या पाण्याचे होते.

माझी भीती अशी की, मातीचा नियम आला की लोक म्हणतील, आता आमच्या अंगणाखाली सरकारमान्य माती आहे, तेव्हा हिरवळ बिनदिक्कत ठेवू द्या. सक्ती करायचीच असेल तर हिरवळीच्या क्षेत्रफळावर करा. जे लावलेच नाही त्याला पाणी द्यावे लागत नाही. त्यासाठी तपासनीस नको आणि कंपोस्टही नको.

रिमझिम (सिॲटल)

तपासणीच्या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकेन, कारण आमच्या वॉशिंग्टन राज्यात असा नियम बऱ्याच वर्षांपासून आहे आणि त्याची अंमलबजावणी मी जवळून पाहिली आहे. मात्र एक फरक आधी सांगायला हवा. इथे या नियमाचा उगम पाणीटंचाईत नसून पावसाच्या पाण्याच्या व्यवस्थापनात आहे. छपरांवरून आणि दाबलेल्या अंगणांवरून वाहणारे पाणी ओढ्यांत लोंढ्यासारखे घुसते, काठ खरवडते आणि सॅमन माशांची विणीची जागा गाळाने भरते, म्हणून बांधकामानंतर जमीन पुन्हा पाणी पिणारी झाली पाहिजे, असा त्यामागचा विचार आहे. उन्हाळ्यात पाणी वाचते हा त्याचा दुसरा लाभ; सिॲटलचे जुलै-ऑगस्ट किती कोरडे असतात हे बाहेरच्यांना खरे वाटत नाही.

राज्याच्या मार्गदर्शिकेप्रमाणे वरचा थर आठ इंचांचा हवा, त्यात हिरवळीसाठी पाच टक्के आणि झाडांच्या वाफ्यांसाठी दहा टक्के सेंद्रिय पदार्थ हवा, आणि त्याखालची जमीन आणखी चार इंच उकरून मोकळी केलेली हवी. प्रयोगशाळेत तपासणी करायची नसेल तर हिरवळीसाठी पावणेदोन इंच आणि वाफ्यांसाठी तीन इंच कंपोस्ट पसरून मिसळण्याचे तयार प्रमाण ठरवून दिले आहे. हे साध्य कसे करायचे याचे मार्ग मोकळे ठेवले आहेत. मूळची जमीन कुंपण घालून तशीच राखता येते, आहे ती माती जागेवर सुधारता येते, आधी काढून ठेवलेली माती परत पसरता येते किंवा बाहेरून माती आणता येते. यातला पहिला मार्ग सर्वांत स्वस्त आहे आणि नकाशा काढतानाच विचार केला तर निम्म्या आवारात तो जमतो, असे मला वाटते.

तपासणीत काही जादू नाही. तपासनीस फावड्याने खड्डा खणून थराची जाडी पाहतो. नंतर एक बारीक, टोकाला तिरकी कापलेली लोखंडी सळई जागोजागी जमिनीत खुपसतो. तपासनिसाने केवळ स्वतःच्या वजनाने दाबल्यावर ती बारा इंच आत गेली पाहिजे. हातोडा वापरायचा नाही. शिवाय कंपोस्ट पुरवठादाराच्या पावत्या पाहतो आणि पावत्यांवरचे घनयार्ड व अंगणाचे क्षेत्रफळ यांचा मेळ बसतो का हे तपासतो. सळईची चाचणी तर घरमालकही एखादा लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन करू शकतो. सगळे अडते ते वेळेवर. गवताची गुंडाळी अंथरण्याआधी तपासणी झाली तर तिला अर्थ आहे. नंतर कोणीही नवे गवत उचलून पाहत नाही. म्हणून अभिप्रायात ‘तपासणी हिरवळ लावण्यापूर्वी’ हे शब्द असलेच पाहिजेत, ही विनंती.

कोरडवाहूंना एवढेच सांगेन की, आमच्याकडे हा नियम हिरवळीपुरता नाही. झाडे, झुडपे, वाफे सगळ्यांना लागू आहे. हिरवळ काढून त्या जागी दाबलेल्या चिकण मातीवर कापड अंथरून वर खडी ओतली, तर तिथे लावलेले झाड पाणी कमी पिईल हे खरे, कारण ते तिसऱ्या वर्षी मेलेले असेल.

मुळाकाठ (पुणे)

विषय तिकडचा असला तरी एक शंका विचारतो. ही सुपीक माती येणार कुठून? आमच्या सोसायटीची हिरवळ पार्किंगच्या स्लॅबवर आहे. विकासकाने आधी जागेवरची काळी माती खोदून ट्रकने बाहेर पाठवली आणि काम संपल्यावर कुठून तरी लाल माती आणून वीतभर पसरली. उन्हाळ्यात टँकर मागवून तिला दोन वेळा पाणी द्यावे लागते. एका ठिकाणची जमीन सोलून दुसऱ्या ठिकाणचे अंगण सजवायचे, असे तर तिकडे होणार नाही ना? आपल्याकडे धरणातला गाळ मुरमाड शेतात टाकण्याची योजना २०१७ मध्ये सुरू झाली. सुरुवातीला शेतकरी स्वखर्चाने गाळ वाहून नेत, कारण हलक्या रानात पाण्याची पाळी लांबते हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागत नाही. तो गाळ निदान धरणातून तरी येतो, आणि धरणही तेवढे मोकळे होते.

अंगणवेल

सर्वांचे मनापासून आभार. कोरडवाहू, तुमच्या मुद्द्याशी मी बव्हंशी सहमत आहे, आणि पुढच्या अंगणातील हिरवळ ऐच्छिक ठेवावी, असे समितीला सुचवणारही आहे. पण आमच्याकडे मुले खेळतात, कुत्री फिरवली जातात, आणि मागच्या अंगणातली थोडी हिरवळ राहणार हे गृहीत धरूनच नियम लिहावा लागेल.

राहुरीकर, मुळाकाठ यांची शंका मलाही पडली होती. हजार चौरस फुटांवर सहा इंच माती म्हणजे माझ्या हिशेबाने साडेअठरा घनयार्ड, म्हणजे एकेका घराला दोन मोठे ट्रक भरून माती लागेल. बांधकाम व्यावसायिकांचा मुख्य आक्षेप हाच आहे. शिवाय त्यांचे म्हणणे असे की, घराचा ताबा जानेवारीत दिला तर गोठलेल्या जमिनीत हे काम करता येत नाही, आणि ताबा थांबवला तर ग्राहकाच्या कर्जाचे व्याजदर बदलतात. यावर काय म्हणावे?

राहुरीकर

मुळाकाठ यांनी दुखऱ्या जागेवर बोट ठेवले आहे. नियमात नुसते ‘सहा इंच सुपीक माती’ असे लिहिले की कंत्राटदार स्वस्तात स्वस्त माती आणतो, ती दाबलेल्या चिकण मातीवर तशीच पसरतो, आणि दोन थरांच्या मध्ये तुमच्या अंगणात दिसली तशीच सीमा पुन्हा तयार होते, फक्त चार इंच खाली. पाणी त्या सीमेवर अडते, मुळे तिथे आडवी वळतात. आणलेली माती कुठल्या तरी शेतातून सोलून आलेली असते, सोबत तिथले तण घेऊन. त्यामुळे ‘आणलेल्या मातीची जाडी’ यापेक्षा ‘मुळांना मोकळी मिळणारी खोली’ असा शब्दप्रयोग मसुद्यात यावा, असे मी सुचवेन. बाहेरची माती हा शेवटचा मार्ग असावा. पाया खणण्याआधी वरची सहा-आठ इंच माती काढून एका कडेला ढीग करून ठेवायची आणि काम संपल्यावर ती परत पसरायची, याला दोन ट्रक लागत नाहीत. अनेक ठिकाणी हीच माती आधी विकली जाते आणि नंतर घरमालक तशीच माती पिशव्यांतून विकत आणतो. ढीग फार उंच करू नये आणि त्यावरून यंत्रे फिरवू नयेत, एवढे पथ्य पाळावे लागते.

त्याआधी खालची जमीन उकरणे आवश्यक आहे. साधा रोटाव्हेटर वरचे चार-सहा इंच पिठासारखे करतो आणि त्याखाली स्वतःचाच एक कडक थर बनवतो. म्हणून आधी फाळांनी आठ ते बारा इंच फोडणी, मग कंपोस्ट, मग फिरवणी, असा क्रम हवा. हे काम वापशावर, म्हणजे जमीन फार ओली नाही आणि फार कोरडीही नाही अशा वेळी, झाले पाहिजे. ओल्या चिकण मातीत यंत्र घातले की ढेकळांच्या विटा होतात, आणि एकदा तसे झाले की पुढची दोन वर्षे कंपोस्टही काही करू शकत नाही. आपल्याकडचा कोणताही शेतकरी पावसाच्या दुसऱ्या दिवशी काळ्या रानात औत घालणार नाही, पण इथे कंत्राटदाराच्या वेळापत्रकात वापसा ही नोंद नसते.

कंपोस्टाबाबतही एक खबरदारी आहे. या प्रदेशात शेणखतापासून केलेल्या कंपोस्टात क्षारांचे प्रमाण पुष्कळदा जास्त असते, आणि पाऊस कमी असल्यामुळे ते क्षार धुऊन जात नाहीत. म्हणून घनयार्डांच्या आकड्यासोबत क्षारतेच्या चाचणीचा अहवाल मागावा. आणि कोरडवाहूंच्या मताचा मान राखून सांगतो की, बफेलो ग्रास किंवा ब्लू ग्रामा यांसारखे मूळचे इथलेच गवत लावणाऱ्याला कंपोस्टातून सूट हवी, कारण त्या गवतांना खतावलेली जमीन मानवत नाही आणि तिच्यात तणच माजते. जमीन मोकळी करण्यातून मात्र त्यालाही सूट नको. ‘झेरिस्केप’, म्हणजे कमी पाण्यावर जगणारी बाग, ही कल्पना आणि ते नाव डेन्व्हर वॉटरनेच १९८१ मध्ये पुढे आणले, आणि मातीची सुधारणा हे तिच्या मूळ तत्त्वांपैकी एक होते. हिरवळ कमी करणे आणि माती सुधारणे यांत भांडण लावण्याचे कारण नाही.

जानेवारीतल्या ताब्याचा आक्षेप खरा आहे, पण त्यासाठी नियम सोडण्याची गरज नाही. घराचा ताबा द्यावा. बागेच्या फवाऱ्यांची जोडणी मात्र वसंतात, माती तपासल्यावर द्यावी. हिवाळ्यात फवारे तसेही बंदच असतात. या कामाची अनामत रक्कम बांधकाम व्यावसायिकाकडून आधीच घेऊन ठेवली तर काम घरमालकाच्या गळ्यात पडत नाही. ही तरतूद मसुद्यात नसेल तर ती सुचवणे हेच तुमच्या अभिप्रायातले सर्वांत उपयोगी कलम ठरेल.

राहिला फवाऱ्यांचा नियंत्रक, म्हणजे ते कधी आणि किती वेळ चालायचे हे ठरवणारे यंत्र. माती बारा इंच मोकळी केली, कंपोस्ट घातले, तपासनिसाने सळई खुपसून शिक्का मारला, आणि नियंत्रक मात्र रोज पहाटे वीस मिनिटे असाच ठेवला, तर एक थेंबही वाचणार नाही. जास्तीचे पाणी आता पदपथावरून वाहण्याऐवजी मुळांच्या खाली झिरपून जाईल, एवढाच फरक. हल्लीच्या हवामानानुसार चालणाऱ्या नियंत्रकांत मातीचा प्रकार आणि मुळांची खोली भरण्याची सोय असते, पण बसवणारा माणूस घाईत ते रकाने आहेत तसेच सोडतो. मातीच्या तपासणीच्या वेळीच हे दोन रकाने प्रत्यक्ष खोलीप्रमाणे भरले आहेत का आणि चिकण मातीसाठी पाणी एकदम न देता पाच-सहा मिनिटांच्या टप्प्यांत, मध्ये अर्धा-पाऊण तास मुरायला देऊन सोडले जाते का, हे तपासनिसाने पाहावे, असे एक वाक्य मसुद्यात जोडून घ्या.

रिमझिम

शेवटच्या मुद्द्याला जोडून एक बारीक सूचना. नवी गुंडाळी अंथरल्यावर पहिले काही आठवडे तिला रोज पाणी द्यावेच लागते आणि नियंत्रक त्यासाठी वेगळ्या वेळापत्रकावर लावला जातो. मुळे धरल्यानंतर ते वेळापत्रक बदलायचे राहून जाते आणि दोन-दोन वर्षे तसेच चालते. पाणीपुरवठा विभागाकडे मीटरची नोंद असतेच. तिसऱ्या महिन्यात वापर खाली आला नसेल तर घरमालकाला साधे पत्र पाठवावे, असे आम्ही आमच्याकडे सुचवले होते. त्याला माती उकरण्याइतका खर्च येत नाही.

अंगणवेल

फार उपयोगी माहिती मिळाली. २०,००० गॅलनांचा आकडा काढून टाकावा, ‘मुळांना मोकळी मिळणारी खोली’ हा शब्दप्रयोग यावा, तपासणी गुंडाळी अंथरण्यापूर्वी व्हावी, बागेची जोडणी ताब्यापासून वेगळी ठेवावी आणि नियंत्रकाचे रकाने तपासले जावेत, असे पाच मुद्दे मी अभिप्रायाच्या कच्च्या मसुद्यात घेतले आहेत. राहुरीकर, क्षारतेच्या अहवालात नेमकी कोणती मर्यादा मागावी, हे पुरवठादारांशी बोलून इथेच लिहाल का? सुनावणी पुढच्या महिन्यात आहे आणि बांधकाम व्यावसायिकांच्या बाजूने एक मृदातज्ज्ञ येणार आहेत, असे कळते.

राहुरीकर

जरूर. कोलोराडो स्टेट विद्यापीठाच्या विस्तार सेवेची कंपोस्टच्या क्षारतेबाबतची माहितीपत्रिका उपलब्ध आहे. ती पाहून आणि इथल्या दोन पुरवठादारांचे अहवाल मिळवून शनिवारपर्यंत लिहितो. मृदातज्ज्ञ येणार असतील तर चांगलेच आहे. त्यांना सभागृहात प्रश्न विचारण्यापेक्षा तुमच्या अंगणातला तो कापलेला पट्टा आधी दाखवा, फरसबंदी तोवर थांबवता आली तर.